दोन्हीकडे यजमान

जवाहरनगर, जि. भंडारा
ता. ४ मे

आदरणीय इवाई श्री. बाबूलालजी,

जवाहरनगरहून सुखरामचा हात जोडून रामराम. शकुनबाईंना आमच्या बेबीबाईचा नमस्कार सांगावा. (ती इथेच बसून कैऱ्या चिरते आहे आणि मी काय लिहितो आहे ते दर दोन मिनिटांनी विचारते आहे. ख्यालीखुशाली लिहितो आहे म्हणून सांगितले.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डोळ्यातून पाणी यायचे ते थांबले का? तुमसरला उन्हाळी धान यायला लागले असेल, म्हणजे तुम्ही दिवसभर अडतीवर बसत असाल आणि डोळ्यात धूळ जात असेल. डॉक्टरांनी दिलेला चष्मा टेबलावर ठेवण्यासाठी नसतो, एवढेच सुचवतो. इकडे आम्ही ठीक आहोत. आमचा प्रविण फॅक्टरीच्या बसने ड्युटीवर जातो, येतो, ताटात असेल ते जेवतो. भाजीत मीठ नसले तरी सांगत नाही, त्यामुळे बेबीबाईला आता आधी मला वाढून पाहावे लागते.

वर 'इवाई' हा एक शब्द लिहायला मला पाऊण तास लागला. (शाळेत आम्हाला 'व्याही' लिहायला शिकवले होते, पण तोंडात इवाईच येते.) रीनाला जाऊन आठ महिने झाले. तुमची पोरगी आणि आमची सून राहिली नाही, तर तुम्ही माझे इवाई राहता की नाही, हे कोणाला विचारावे ते कळेना. आमच्या फॅक्टरीत माणूस रिटायर झाला की त्याच्या नावामागे 'माजी' लावतात, मलाही लावतात. पण 'माजी इवाई' असे कुठे लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. शेवटी बेबीबाईला विचारले, तर ती कैरीवरून मान वर न करता म्हणाली, "इवाई तं इवाईच राहते जी. त्यात काय पुसता." तिच्या भरवशावर लिहिले आहे. तुम्हाला पटले नाही तर तेवढा शब्द खोडा, पण पुढचे पत्र पूर्ण वाचा.

फोन न करता पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. आठ महिन्यांत आपण चारदा फोनवर बोललो. चारही वेळा तब्येत बरी आहे का, बरी आहे, तुमची, बरी, एवढे झाले आणि मग दोन्हीकडून नुसता श्वास. चौथ्या वेळी तर मला वाटले लाईन तुटली, म्हणून मी मोबाईल हलवून पाहिला. तुटली नव्हती. पत्राचे एक बरे असते, समोरचा गप्प बसला आहे हे लिहिणाऱ्याला ऐकू येत नाही.

तर विषय आपल्या कॅरमचा आहे. आपला खेळ आठ महिने बंद आहे आणि तो सुरू व्हावा अशी माझी इच्छा आहे. तुम्हाला सगळे ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिणार, कारण मी एकतीस वर्षे मेंटेनन्स सेक्शनमध्ये काढली, त्यातली शेवटची दहा चार्जमन म्हणून, आणि बिघाड पहिल्यापासून लिहिल्याशिवाय तो सापडत नाही हे मी शेकडो मशिनींवर पाहिले आहे. (साहेब लोक शेवटापासून विचारतात आणि मग मशीन उघडून बसतात.)

पहिल्यापासून म्हणजे लग्नापासून. तुमसरला जानवशाच्या खोलीत कॅरमचा बोर्ड होता आणि आपण दोघे त्यावर बसलो ते उठेनात. भटजींनी दोनदा निरोप पाठवला. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप दोघेही मांडवात नाहीत असे लग्न तुमसरने त्याआधी पाहिले नसावे. पण बोर्डावर राणी आणि दोनच सोंगट्या राहिल्या होत्या, उठणार कसे? शेवटी मुंडावळ्या बांधलेली नवरी स्वतःच दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मामाजी, आता चला जी. माझे पाय दुखून राहिले." मला मामाजी म्हणाली ती तीच पहिली वेळ. तो डाव आपला अर्धाच राहिला, आणि कोण जिंकणार होते यावर पुढे वर्षभर आपण वाद घातला, तोही रीनामार्फत, तिच्या मोबाईलवर.

कारण तुम्ही काही इकडे येईनात. पोरीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचे पाणी आमच्यात पीत नाहीत, असे तुम्ही सांगितले. रीतच आहे, माझी काही तक्रार नाही. पण ज्या घरी पाणी पिता येत नाही तिथे कॅरम कसा खेळणार? एका डावात माणसाला तहान लागते. मी तुमसरला येऊ शकलो असतो, पण मुलाचा बाप सारखा सुनेच्या माहेरी जाऊन बसला तर लोक म्हणतात, याचे काहीतरी मागायचे राहिले आहे. अशा रीतीने दोघेही आपापल्या घरी बसून एकमेकांच्या खेळाला नावे ठेवत होतो. हे पाहून पुढच्या वर्षी पावसाळ्यात रीनाने तिच्या कॉम्प्युटरवर कॅरमचा तो गेम आणला, दोघांनी दोन गावांतून खेळायचा, आणि तुमच्याकडच्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमच्या पुतणीकडून, त्या गुड्डीकडून, तो घालून घेतला. आता बाबाही खूश आणि मामाजीही खूश, असे तिला वाटले. बिचारीला आपण दोघे अजून नीट कळलो नव्हतो.

गेम सुरू केला की पडद्यावर दोन बटणे येतात, होस्ट आणि जॉईन. एकाने होस्ट दाबायचे आणि वाट पाहत बसायचे. दुसऱ्याने जॉईन दाबून पहिल्याच्या मोडेमचा नंबर टाकायचा, म्हणजे दोघांचा बोर्ड एक होतो. रीनाने हे आपल्याला समजेल अशा भाषेत सांगितले. होस्ट म्हणजे यजमान, बोर्ड त्याच्या घरी मांडलेला आहे. जॉईन म्हणजे पाहुणा, तो खेळायला येणार. इतके चांगले समजावून सांगायला नको होते. तुम्ही तिथल्या तिथे फोनवर म्हणालात, "मंग मी जॉईन नाई दाबत. पोरीच्या घरी पाहुणा नाई येत मी." तिने परोपरीने सांगितले की बाबा, ही नुसती बटणे आहेत, इथे कोणी पाणी देत नाही. तुम्ही म्हणालात, "पाणी नसलं तरी उंबरठा हाय न."

आता यात अडचण अशी की आमच्या मोडेममधून होस्ट लगेच होत होते आणि तुमच्या मोडेममधून होतच नव्हते. रीनाने प्रफुल्लला बोलावले. (हा प्रफुल्ल पूर्वी टेलिफोनचा लाईनमन होता. तेव्हा खांबावर चढून शिव्या द्यायचा, आता पन्नाशीत फायबरची तार ओढतो आणि शिव्या खालूनच देतो.) त्याने सांगितले की मोडेममध्ये बाहेरच्याला आत येण्यासाठी एक दरवाजा उघडावा लागतो, तुमसरच्या कंपनीने तो बंद ठेवला आहे, पण त्याची गरजच काय, "ह्यायनं होस्ट करावं, त्यायनं जॉईन. दोन मिनिटांचं काम हाय, कायले एवढा खटाटोप?" रीना म्हणाली, "माझ्या बाबाले ते जमत नाई, प्रफुल्लभाऊ. दुसरं काई सांगा." त्या दोन मिनिटांच्या कामाला मग आमच्या घरात चार महिने लागले. दाबायचे बटण समोर होते, पण तुमचा मान राहावा म्हणून ती पोरगी दुसरीकडून रस्ता खणत होती.

त्या चार महिन्यांत मीही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. आमचा मोडेम कपाटावर होता, तो मी देवघराच्या बाजूला आणला, तिथे भिंत कोरडी आहे म्हणून. तार आंब्याच्या झाडावरून येते, त्यावर माकडे लोंबकळायची, म्हणून मी रोज साडेपाचला काठी घेऊन झाडाखाली उभा राहायचो. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी फॅक्टरीत सगळ्या मशिनींची पूजा होते. आता मी रिटायर, माझ्याकडे मशीन एकच, मोडेम. मी त्याला हळदकुंकू लावले आणि त्याच्यासमोर नारळ फोडला. नारळाचे पाणी आत गेले. लाल दिवा लागला, मग तोही गेला. रीनाने मोडेम पुसला आणि तुमच्याकडून आलेल्या तांदळाच्या डब्यात तीन दिवस पुरून ठेवला. चौथ्या दिवशी तो चालू झाला. (तोच तांदूळ बेबीबाईने पुढे शिजवला. चवीत फरक नव्हता.)

शेवटी दिवाळीत ती तुमसरला आली आणि कंपनीच्या लोकांना फोनवर धरून तिने तुमच्या मोडेमचा दरवाजा उघडवून घेतला. तुम्ही होस्ट झालात, मी जॉईन झालो. पण तरी आपले सुरळीत कुठले चालायला? तुमच्या शेजारच्या राईस मिलची मोटर संध्याकाळी सुरू झाली की तुमच्याकडची लाईट डोळा मिटायची, मोडेम बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा, आणि दर वेळी त्याचा नंबर बदलायचा. मग रीना इथून फोन लावायची आणि शकुनबाई तिथून नवा नंबर वाचून दाखवायच्या. नंबर चार तुकड्यांचा, मध्ये टिंबे. शकुनबाई टिंब वाचत नसत, त्यांना ती माशीची घाण वाटायची. एकदा रीना बाजारात गेली होती तेव्हा मी स्वतः नंबर विचारून लिहून घेतला आणि पंधरा मिनिटे त्यावर जॉईन दाबत बसलो. नंतर कळले की तो तुमच्या गॅसचा ग्राहक क्रमांक होता, कॅलेंडरवर बाजूलाच लिहिलेला. रीना घरी आल्यावर भिंतीला टेकून इतकी हसली की पिशवीतली वांगी घरभर झाली. तो कागद मी पुढे तिला चिडवायला जपून ठेवला.

आणि लाईन लागली तरी तुमचा स्ट्रायकर निघायचा आणि अर्ध्या बोर्डावर येऊन उभा राहायचा. अर्धा मिनिट तो तिथे उभा. मग एकदम सगळे हलायचे आणि पाहतो तर माझ्या तीन सोंगट्या गायब. मी म्हणायचो ही लबाडी आहे, तुम्ही म्हणायचात तुमचा मोडेम म्हातारा झाला आहे. रीना आपल्या दोघांच्या मध्ये बसून, म्हणजे इथे माझ्या शेजारी बसून आणि मोबाईलवर तुम्हाला धरून, दोघांची समजूत घालायची. आता मला वाटते आपण कॅरम कमी खेळलो आणि त्या समजुतीसाठीच जास्त बसलो. दिवाळीपासून पुढे दहा महिने, रोज सहा ते सात. माझ्या रिटायर आयुष्यातला तो चांगला काळ होता, हे मी त्या वेळी कोणाला सांगितले नाही.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबरमध्ये तिला ताप आला, डेंगू निघाला, भंडाऱ्याहून नागपूरला नेले, डॉक्टरांनी करायचे ते सगळे केले, आणि सहाव्या दिवशी ती गेली. तुम्ही कारध्याला नदीवर आलात. तेरवीला आलात तेव्हा तुमच्या हातात तुमसरहून भरून आणलेली पाण्याची बाटली होती. ऊन चांगलेच होते. तुम्ही अंगणात, बाहेरच्या खुर्चीवर बसून त्या बाटलीतले पाणी प्यालात आणि पाच वाजताच्या गाडीने परत गेलात. ती बाटली माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यानंतर काही दिवसांनी एका संध्याकाळी सहाला मी कॉम्प्युटर चालू केला. सवय म्हणा. यापूर्वी मी कधी होस्ट दाबले नव्हते, त्या दिवशी ते दाबले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे अशा अर्थाचा. मी सातपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशीही बसलो. आठ महिने बसतो आहे. बेबीबाई आधी रागावली, मग रडली, आता सहा वाजता न विचारता चहा आणून ठेवते. मला वाटले तुम्ही खेळ सोडला. मनात म्हटले बरोबर आहे, कोणत्या मनाने खेळतील.

आणि मागच्या रविवारी शकुनबाईंचा बेबीबाईला फोन आला. लोणच्याच्या मसाल्याचे बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तुमचे इवाई रोज सहा वाजता त्या डब्ब्यापुढं जाऊन बसतेत. खेळत काई नाई, ते गोल फिरते त्याच्याकडंच पाहत राहतेत. मी म्हटलं काहून बसता, तं म्हणते, येतील."

बेबीबाईने मला हे सांगितले तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच राहिली.

म्हणजे बिघाड मोडेममध्ये नव्हता. आठ महिने तुम्ही तुमचा दरवाजा उघडून बसला आहात आणि मी माझा. दोन्हीकडे यजमान, दोन्हीकडे बोर्ड मांडलेला, पाहुणा कुणीच नाही. आणि नंबर इकडून तिकडे नेणारीच गेली, हे दोघांच्याही लक्षात आले नाही, किंवा आले आणि आपण ते एकमेकांना सांगितले नाही. मशिनीवर असा प्रकार मी कधी पाहिला नव्हता. माणसांमध्ये असेल.

प्रफुल्लला बोलावून सगळे तपासून घेतले आहे. त्याचे म्हणणे असे की तुमसरला मध्यंतरी नवीन तार टाकल्यामुळे तुमच्या मोडेमचा दरवाजा पुन्हा बंद झाला आहे आणि आता तिकडून होस्ट होणे अजिबात शक्य नाही. इलाज एकच. होस्ट मी करायचे आणि जॉईन तुम्ही दाबायचे. तुमच्या रीतीत बसत नाही हे मला समजते, पण तांत्रिक बाब असल्यामुळे माझा नाइलाज आहे. नंबर मी संध्याकाळी सहाला शकुनबाईंना फोनवर सांगीन, टिंबांसकट. तरी आपण विचार करावा.

बाकी ठीक. गुडघ्याला तेल लावत जा. काही कमीजास्त लिहिले गेले असेल तर उन्हाळ्याचा दोष समजावा.

तुमचा (खोडले नसेल तर) इवाई,
सुखराम

ता. क. प्रफुल्लने असे काही सांगितलेले नाही. त्याने पाच मिनिटांत मोडेम पाहिला, तार पाहिली, सगळे ठीक आहे म्हणाला, आणि जाताना म्हणाला, "दोघंही होस्ट दाबून बसान तं येईन कोण?" तुमसरचा दरवाजा रीनाने उघडला तसाच उघडा आहे. जॉईन मी दाबू शकत होतो. आठ महिने दाबू शकत होतो. ते का दाबले नाही हे वर लिहायचे टाळले, ते आता लिहितो, कारण कागदाची मागची बाजू अजून कोरी आहे.

तापाचा दुसरा दिवस होता. रीना आत पडून होती. पावसाळ्याचा ताप आहे, उतरेल, असे आम्ही सगळेच म्हणत होतो. सहा वाजले आणि आमच्या मोडेमवर लाल दिवा लागला. मी खोलीतून हाक मारली, रीना, दिवा लाल झाला. ती आली नाही म्हणून पुन्हा मारली. ती उकाड्यात चादर गुंडाळून आली, खुर्चीत बसली, मोडेम बंद करून चालू केला, शकुनबाईंना फोन लावून नंबर घेतला आणि टाकला. माऊस घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला, तो तव्यासारखा होता. म्हणाली, "मामाजी, उद्या तुमीच टाकजा नंबर. मले थोडं पडू द्या." मी हो हो म्हटले. माझे लक्ष बोर्डावर होते. त्या दिवशी आपण दोन डाव खेळलो, एक मी जिंकलो. तुम्ही शेवटी तिकडून बोर्डाखाली टाईप करून लिहिले होते, आज कनेक्शन मस्त आहे, रीनाला शाबासकी द्या. मी म्हटले सकाळी देऊ. सकाळी तिला गाडीत घालून भंडाऱ्याला नेले आणि पुढे ती बोलण्यासारखी राहिली नाही.

प्रविणला मी हे सांगितले. तो म्हणाला, दहा मिनिटे बसल्याने काही होत नाही बाबा, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितले. असेल. पण नदीवर तुम्ही मला विचारले होते, "माही पोरगी घरून निघताना काई बोलली का जी?" आणि मी नाही म्हटले. बोलली होती. वर लिहिले आहे तेवढेच. तुमची शाबासकी अजून माझ्याकडेच पडून आहे. हे पोटात ठेवून मी कोणत्या तोंडाने तुमच्या घरी जॉईन दाबणार होतो? म्हणून माझे दार उघडून बसलो, की तुम्ही याल आणि जे काय बोलायचे ते माझ्याच घरी येऊन बोलाल.

ता. क. दुसरे. खरे काम लिहायचे राहिले. येत्या अक्षय तृतीयेला रीनाच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. आमच्या फडताळात एक पितळी पेला आहे. लग्नानंतर पहिल्या वर्षीच रीनाने तो भंडाऱ्याहून आणला आणि दुकानातच त्याच्यावर नाव घालून घेतले, 'बाबा'. मला आधी वाटले माझ्यासाठी आहे, म्हणून मी हात लावला, तर तिने काढून घेतला. माझे बाबा ज्या दिवशी या घरचे पाणी पितील ते याच्यातून पितील, म्हणाली. बेबीबाई तो दर महिन्याला चिंचेने घासते. त्यातून अजून कोणी पाणी प्यालेले नाही.

लेकरू होईपर्यंत, अशी तुमची अट होती. आता लेकरू होणार नाही. अट पुरी होण्याची वाट पाहायची तर तुम्ही या घरी कधीच पाणी पिणार नाही, आणि तो पेला तसाच राहील. कॅरम राहू द्या, होस्ट आणि जॉईनही राहू द्या. तुम्ही त्या दिवशी इथे या आणि त्या पेल्यातून पाणी प्या, एवढेच माझे मागणे आहे. वरचे वाचून माझ्या घरचे पाणी तुमच्या घशाखाली उतरणार नसेल, तर बाटली आणा, मी वाईट मानणार नाही. पण घागरीला या. मोडेमचा नंबर लाईट गेली की बदलतो, आमच्या क्वार्टरचा तोच आहे.

ता. क. तिसरे. पत्र बंद करायच्या आधी सहा वाजले. आज होस्ट दाबले नाही, पहिल्यांदा जॉईन दाबले. तुमचा नंबर माझ्याकडे नाही, आणि शकुनबाईंना फोन लावला तर त्या रडतील, म्हणून जपून ठेवलेल्या कागदावरचा तुमच्या गॅसचा नंबर टाकून पाहिला. लागत नाही. तरी सातपर्यंत टाकत राहीन.